दारू घरीच सोडवायची की ॲडमिट करायचं? मदत हवी आहे

राम राम मंडळी, आमचे दादा यावलकडे केळीची शेती करतात, सकाळी उठल्यापासून घेतात, वर्षानुवर्षं. आता स्वतःहूनच म्हणताय की सोडतो, पण ॲडमिट होणार नाही, मळ्यातल्या खोलीत बंद करा म्हणे, गावात कळायला नको. वहिनीलाही तेच पटतंय. मला धाकधूक आहे कारण मागे एकदा कुणाच्या तरी मौतीला गेले होते, दिवसभर मिळाली नाही तर हातपाय थरथरले अन् रात्री फिटचा झटका आला.

फॅमिली डॉक्टर म्हणे रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम बंद केली की पहिल्या ६ ते ४८ तासात फिट येऊ शकते, अन् दोन-तीन दिवसांनी भास, बडबड, ताप, त्यात जीवही जाऊ शकतो. त्रास हलका असेल, डॉक्टर रोज बघणार असतील तर घरी जमतं, पण ज्याला आधी फिट आली त्याला दवाखान्यातच. म्हणून तोपर्यंत एकदम बंद पण करू नका म्हणाले.

तर कुणी घरच्याला धुळे किंवा जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभागात ठेवलंय का? सोबत राहू देतात का, खर्च किती येतो? की सरळ पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात न्यावं? अन् दादांना तयार कसं केलं ते पण सांगा, तेच अवघड आहे भो.

जेवणात गुपचूप कालवायच्या पुडीचा सल्ला कृपया नको. त्यात डायसल्फिराम (दारू सोडवायचं औषध, त्यावर दारू प्यायली की रिॲक्शन येते) असलं अन् वरून प्यायले तर अजून भलतंच व्हायचं.