ट्रेकमध्ये जोराचा रक्तस्राव: ओढणी-काठीचा टूर्निकेट चालतो का?

प्रश्न (डोंगरवाट): हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या ठिकाणी जखमीला खाली आणायला कित्येक तास लागतात. दगडाने पिंढरी फाटली आणि रक्त थांबेना, तर सॅकमधल्या सामानातून टूर्निकेट (रक्त थांबवायला हात-पाय करकचून आवळणारा पट्टा) कसा करायचा? बेल्ट किंवा बुटाची लेस चालेल?

गडकिल्ले_प्रथमोपचार: लेस, पॅराकॉर्ड नको, बारीक दोरी मांसात रुतते आणि धमनी नीट दाबली जात नाही. बेल्ट कडक असल्यामुळे पिळला जात नाही. सुती ओढणी घडी घालून निदान 4-5 सेमी रुंद पट्टी करा. जखमेच्या वर 5-7 सेमीवर, गुडघा-कोपर सोडून, दोन वेढे आणि एक गाठ. गाठीवर तंबूची जाड लोखंडी खुंटी ठेवा, वर दोन गाठी मारा आणि रक्त थांबेपर्यंत पिळा. वाळकी काटकी किंवा पेन ऐन वेळी मोडतं. खुंटीचं टोक दुसऱ्या फडक्याने पायाला बांधा, नाहीतर सगळा पीळ सुटतो.

अर्धवट आवळणं सगळ्यात वाईट: शिरा बंद, धमनी चालू, म्हणजे रक्त उलट वाढतं. नीट आवळला की भयंकर दुखतं, पण म्हणून सैल करू नका. रक्त थांबलं नाही तर वरच्या बाजूला दुसरा बांधा.

सह्यभटक्या: पण आधी दाब! हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घालून, स्वच्छ फडकं जखमेवर ठेवून अंगाचा भार टाकून 10 मिनिटं, घड्याळ लावून. मध्येच उचलून बघितलं की धरलेली रक्ताची गुठळी निघते. रक्त उसळत असेल तर मात्र थांबू नका, थेट टूर्निकेट.

जांघेत (मांडी पोटाला मिळते तिथे), काखेत टूर्निकेट बसतच नाही. तिथे कापडाची पट्टी बोटाने खोल, रक्त येतं त्या जागेपर्यंत ठासून भरा आणि वरून दाब द्या. छाती-पोटात काही कोंबायचं नाही. रुतलेली काठी उपसू नका. हळद, कॉफी पावडर तर नकोच. सॅनिटरी पॅड रक्त शोषतो, थांबवत नाही. दाब तुम्हालाच द्यावा लागतो.

डोंगरवाट: दर 15 मिनिटांनी सैल करायचा असं शिकवलं होतं...

गडकिल्ले_प्रथमोपचार: ते जुनं. सैल केलं की पुन्हा रक्त जातं. दोन तासांच्या आत पाय सहसा वाचतो. बांधल्याची वेळ कपाळावर मार्करने लिहा आणि 108 ला तीच सांगा. जखमीला झोपवून कोरड्या कपड्यात गुंडाळा, गारठलं की रक्त गोठायला वेळ लागतो. आणि टूर्निकेट सर्पदंशाला अजिबात नाही.