मदत हवी आहे : पॅरिसच्या ‘सालों दे अँदेपांदां’चे सभासदत्व

१८८४ मध्ये सरा, सिन्याक, रदों आदी चित्रकारांनी ‘परीक्षक नाहीत, पारितोषिके नाहीत’ या तत्त्वावर उभ्या केलेल्या आणि १९११ साली ४१ क्रमांकाच्या दालनात घनवादी (क्युबिस्ट, म्हणजे वस्तू भौमितिक आकारांत मोडून दाखवणारी) चित्रे एकत्र लावून खळबळ उडवणाऱ्या या वार्षिक प्रदर्शनाला सभासद होऊन हातभार लावण्याचा माझा विचार आहे. मी स्वतः चित्रकार नाही, रसिकच म्हणा. चित्र न मांडणाऱ्यांसाठी वेगळे सभासदत्व असते का? वर्गणी मांडणी, प्रकाशयोजना, विमा अशा खर्चांसाठी वापरली जाते की संस्थेच्या दैनंदिन कारभारासाठी? सभासदाला सर्वसाधारण सभेत मतदान करता येते का? फ्रान्सबाहेरून वर्गणी भरलेल्या कोणाचा अनुभव असल्यास कृपया सविस्तर लिहावे.