कम्युनिकेशन-मीडियासाठी पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज का नको?

सनीवेलकर:
लेकीला कम्युनिकेशन आणि मीडिया करायचंय. तिने क्युपर्टिनोचं डी अँझा हे कम्युनिटी कॉलेज निवडलं, तर इथल्या मराठी मंडळींचे चेहरे असे, जणू कुठेच प्रवेश मिळाला नाही. माझं मत सरळ आहे: या विषयाची पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे स्वस्तातल्या सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजातच काढावीत आणि मग ट्रान्स्फर घेऊन विद्यापीठात जावं. पैशांचं आधी उरकतो. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला युनिटला, म्हणजे एका श्रेयांकाला, ३१ डॉलर, वर्षाला ४५ युनिटं म्हणजे १,३९५, वर किरकोळ आकार आणि पुस्तकं. यूसीची, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची, नुसती फी याच्या दहापट. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते हे की कॉलेजच्या 'ला व्होज' वृत्तपत्रात मुलं पहिल्या वर्षापासून बातम्या लिहू शकतात. नाहीतर भल्यामोठ्या हॉलच्या मागच्या रांगेत बसून थिअरी ऐका!

रोखठोक:
लेकीचं कौतुक आहेच, पण चित्र फार गोड रंगवलंत. ट्रान्स्फर म्हणजे सरकता जिना नव्हे, की उभे राहिलात आणि पोचलात. यूसीची प्रवेशहमी, म्हणजे टॅग, सहाच कॅम्पसना: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. त्यातही एकाच ठिकाणी लावता येतो. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो हमीत नाहीतच. कॅल स्टेट, म्हणजे राज्याची दुसरी विद्यापीठ-साखळी, तिची हमी 'कुठेतरी सामावून घेऊ' अशी, जवळचं सॅन होजेच मिळेल याचा भरवसा नाही. शिवाय मीडियात ओळखीपाळखी लागतात. त्या हॉस्टेलवर जमतात. सकाळी गाडीने जाऊन दुपारी आईच्या हातचं जेवायला परत, यात कसल्या जमणार?

रात्रपाळी:
ओळखी हॉस्टेलवरच होतात होय? फूटहिल हेही कम्युनिटी कॉलेजच, त्याचं रेडिओ स्टेशन केएफजेसी, ८९.७ एफएम, ऐका एकदा. विद्यार्थी आणि गावातले स्वयंसेवक मिळून चालवतात. भाचा तिथे पहाटेचा कार्यक्रम करायचा, मी एकदा सोबत बसलो होतो. हेडफोन एकाच कानावर, बोट आवाजाच्या फेडरवर, नजर घड्याळावर, कारण दर तासाला स्टेशनचं नाव आणि गाव बोललंच पाहिजे, हा एफसीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या प्रसारण नियामकाचा, नियम. गाणं लांबलं की पोराला घाम. शेजारी पिकल्या केसांचा एक स्वयंसेवक, खुणेनेच 'थांब, आता बोल' सांगणारा. पुढे भाच्याला पहिलं काम त्याच्याच शब्दावर मिळालं.

रोखठोक:
छान. पण पोट? सॅन होजेच्या 'मर्क्युरी न्यूज' या दैनिकाची न्यूजरूम एकेकाळी केवढी होती आणि आता केवढी उरलीय, बघा.

सनीवेलकर:
ते बर्कलीच्या पदवीधरालाही लागू आहे की! ज्या धंद्यात नोकरीची शाश्वती नाही, त्यासाठी चार वर्षांचं कर्ज काढा, असं तुमचं म्हणणं आहे का?

युनिटमोजणी:
भांडा सावकाश, पण घोडं पेंड खातं ते वेगळीकडेच. 'कम्युनिकेशन स्टडीज' म्हणजे भाषण, वादविवाद, परस्परसंवाद. पत्रकारिता वेगळी, फिल्म-टीव्ही त्याहून वेगळं. मुलं नाव बघून वर्ग घेतात आणि मग यूसी म्हणते, या विषयाच्या पूर्वअटींत हे बसत नाही. टर्म वाया. कुठला वर्ग कुठे चालतो ते 'असिस्ट'च्या साइटवर कॉलेजवार दिसतं, ते पहिल्या टर्मलाच बघा.

रोखठोक:
अठरा वर्षांच्या पोराला पहिल्या टर्मला कळतं का, भाषण की कॅमेरा?

सनीवेलकर:
नाही कळत. म्हणून तर म्हणतो, चाचपडायचंच असेल तर ३१ डॉलर युनिटने चाचपडू दे.

रोखठोक:
बर्कलीला हमी नाही, हा मुद्दा मात्र अलगद बाजूला सारलात.