प्रतिसाद: दोन तासांच्या विश्रांतीने १४ तासांचं घड्याळ थांबतं का?

एका पोस्टमध्ये म्हटलंय की अमेरिकेत ट्रकचालक मधे दोन तास ऑफ ड्यूटी गेला की त्याचं १४ तासांचं घड्याळ (कामावर आल्यापासून ट्रक चालवायची मुदत) थांबतं. अर्धंच खरं आहे. ते दोन तास तेव्हाच वगळले जातात, जेव्हा त्यांच्या जोडीला स्लीपर बर्थमधले (ट्रकच्या केबिनमधली झोपायची जागा) सलग किमान ७ तास असतात आणि दोन्हींची बेरीज १० भरते. म्हणजे ७ घेणार असाल तर दुसरा तुकडा ३ तासांचा हवा. जोडी पूर्ण झाली नाही, तर १४ तास पहिल्यापासूनच मोजले जातात आणि त्यानंतर चालवलेला वेळ थेट उल्लंघन ठरतो.

दुसरी चूक हिशोबाची. बर्थमधल्या ७ तासांनंतर चालवायचे नवे ११ तास (प्रत्यक्ष चालवण्याची कमाल मर्यादा) मिळतात असं धरलंय, पण ते मिळत नाहीत. मोजणी विश्रांतीच्या पहिल्या तुकड्याच्या शेवटापासून होते. सकाळी ६ ते ११ चालवलं, २ पर्यंत विश्रांती, २ ते ८ पुन्हा चालवलं, मग पहाटे ३ पर्यंत बर्थमध्ये. आता दुपारी २ पासूनचे ६ तास धरायचे, म्हणून हातात फक्त ५.

हा ७ तासांचा तुकडा बहुतेक वेळा डॉकवरच (माल चढवायच्या-उतरवायच्या जागी) मोडतो. कुणी काच वाजवून ट्रक पुढे घ्यायला सांगतं आणि ताशी ५ मैल ओलांडले की ईएलडी (चालकाचे तास नोंदवणारं ट्रकमधलं यंत्र) आपोआप ‘ड्रायव्हिंग’ नोंदवतं, जे नंतर खोडून कमी करता येत नाही. ‘यार्ड मूव्ह’ (आवारातल्या आवारात ट्रक हलवणं) निवडलं तरी ते ऑन ड्यूटीच, सलगपणा गेलाच. त्यामुळे झोपायच्या आधीच माल उतरवून बाहेर पडलेलं बरं.