अमेरिकेतल्या हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) मुलांची पदवी नेमकी कुठे अडते?

फ्रेझ्नोकर: 'मेक्सिकन घरांत शिक्षणाची कदर नाही, म्हणून मुले कॉलेज अर्धवट सोडतात, आपली भारतीय मुले पाहा,' हे या मंचावरचे कालचे विधान वाचून राहवले नाही. आपल्यापैकी बहुतेक जण पदवी घेऊनच अमेरिकेत उतरलो, कारण व्हिसाची चाळणीच तशी होती. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत द्राक्षे तोडणाऱ्या, स्वतः जेमतेम सहावी झालेल्या बापाच्या मुलीला आपल्या मुलांच्या रांगेत उभे करून नापास ठरवणे हा कुठला न्याय? मी कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, शिकवतो. तिथे ही मुले प्रवेश हौसेने घेतात, गळती नंतर होते. पेल ग्रँटमधून (गरजू विद्यार्थ्यांना केंद्राकडून मिळणाऱ्या अनुदानातून) फी भागली तरी घरभाडे आणि गाडीचा विमा भागत नाही, म्हणून नोकरीचे तास वाढतात आणि विषय सुटत जातात.

सडेतोड: चाळणीचे मान्य, पण सबबींनाही मर्यादा असते. माझ्या वडिलांनी लातूरच्या आडतीवर हमाली करून आम्हा भावंडांना शिकवले. फॅफ्साचा, म्हणजे केंद्राच्या आर्थिक मदतीचा, अर्ज भरायला यांचे हात कोणी बांधले आहेत?

फ्रेझ्नोकर: भीतीने. मूल इथे जन्मलेले असले तरी अर्जात कागदपत्रांविना राहणाऱ्या आईवडिलांचीही माहिती द्यावी लागते. आईच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या रकान्यापाशी येऊन एका विद्यार्थिनीने माझ्यासमोर लॅपटॉप मिटला आणि 'नंतर भरते' म्हणून ती जी गेली, ती परत आली नाही.

एच-४ पालक: कागदपत्रे नसलेल्यांचे दुःख सर्वांना दिसते. लहानपणी आलेल्या अशा मुलांना हद्दपारीपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या डाका योजनेत कायदेशीर व्हिसावरची मुले बसलीच नाहीत! आमचा मुलगा एकविसाव्या वर्षी एच-४ वरून, म्हणजे पालकाच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावरून, उतरला. नियम पाळल्याचे हे बक्षीस.

फ्रेझ्नोकर: तक्रार रास्त आहे, परंतु डाकावाल्यांनाही केंद्राची आर्थिक मदत मिळत नाही, आणि टेक्सासने २००१ मध्ये कागदपत्रे नसलेल्या विद्यार्थ्यांना दिलेली फीची सवलत जून २०२५ मध्ये न्यायालयात संपली.

एच-४ पालक: म्हणजे निदान चोवीस वर्षे ती होती. आमच्या मुलांसाठी कोणी मोर्चा काढला?

सडेतोड: बहुतेक हिस्पॅनिक विद्यार्थी जन्माने नागरिक आहेत, तेव्हा हे व्हिसापुराण आवरा. खरा प्रश्न कच्च्या गणिताचा आहे, आणि कॅलिफोर्नियाने २०१७ च्या एबी ७०५ कायद्याने कम्युनिटी कॉलेजांतले पूर्वतयारीचे वर्गच गुंडाळत आणले.

फ्रेझ्नोकर: त्या वर्गांचे क्रेडिट पदवीत धरले जात नव्हते, पेल ग्रँटची मुदत मात्र त्यांतही सरत होती. ती आयुष्यभरात एकूण बारा सत्रे मिळते. दोन वर्षे बीजगणिताची उजळणी करून मुलगा दमला, की त्याला आपण आळशी म्हणायचे!

सडेतोड: बरे, बीजगणितापुरते तुमचे खरे. हमालीचे उत्तर मात्र अजून आलेले नाही.