आठवी ते दहावीची एकदिवसीय हॅकेथॉन: ज्यांनी घडवल्यात त्यांनी लिहा

पुण्यात आता शाळाच नव्हे, सोसायट्याही मुलांच्या हॅकेथॉन, म्हणजे ठरलेल्या वेळात गटानं काहीतरी चालतं बनवायच्या स्पर्धा, ठरवायला लागल्यात. किती धमाल आली ते फोटोंत दिसतंच. इथे सामान, वेळा, आकडे आणि काय बिघडतं तेवढं लिहा. हिशेब जुळावा म्हणून सगळ्यांनी ४५ मुलं, तिघांचा एक असे १५ गट आणि १५ मोठी माणसं धरावीत. शाळांची नावं नकोत.

वेळापत्रकवाली

नऊ ते पावणेसहा असं पत्रकावर छापलं तरी मुलांच्या हाती लागतात साडेचार तास. बघा: ८.३० ते ९.१५ नोंदणी, पावणेदहापर्यंत सूचना, दहाला गट बसून काम सुरू. पावणेएकला जेवण. दीड ते सव्वातीन काम. सव्वातीनला हात वर, त्यानंतर वायरलाही हात लावायचा नाही. साडेतीन ते पाच परीक्षण. उद्घाटनाला पाहुणे बोलावलेत की यातला पाऊण तास गेलाच. दीपप्रज्वलन हवंच असेल तर बक्षीस समारंभात करा.

विषय सकाळी जाहीर केले तर पहिला तास 'काय करायचं' यातच जातो. आदल्या बुधवारी सहा विषय पाठवा, गटांनी शुक्रवारपर्यंत एक कळवायचा. साडेअकराला फेरी मारून प्रत्येक गटाला एकच प्रश्न विचारा: "आत्ता या क्षणी काय चालतंय?" उत्तर 'काहीच नाही' आलं तर त्यांचा विषय तिथल्या तिथे निम्मा कापा. जेवणानंतर कापायला गेलात तर रडारड होते.

तारीख: सहामाही आणि दहावीची पूर्वपरीक्षा टाळून जुलै-ऑगस्ट किंवा दिवाळीनंतरचा महिना उरतो. पालख्या शहरात असतात ते दिवस सोडा, निम्मी मुलं पोचत नाहीत. आणि रविवार सोडून दुसरा वार धरलात तर गुरुवार नकोच. दुरुस्तीसाठी वीज-पाणी बंद ठेवायचा पुण्याचा आवडता वार तोच.

सामानाची बाजू

प्रत्येक गटाच्या डब्यात: आर्डुइनो उनो (लॅपटॉपवरून कोड चढवून चालणारा छोटा बोर्ड) १, यूएसबी केबल १, ८३० भोकांचा ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचायचा) १, जंपर वायरी तिन्ही प्रकारच्या (दोन्ही टोकांना पिन, दोन्हींना भोक, एकीकडे पिन-एकीकडे भोक) मिळून ४०, एलईडी १०, २२० ओहमचे रेझिस्टर १०, १० किलोओहमचे ५, बझर १, पुशबटण ३, एलडीआर हा प्रकाश ओळखणारा सेन्सर १, एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर १, एसजी९० सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळणारी छोटी मोटर) १. याच्या वर वीस टक्के जादा, केबल मात्र पन्नास टक्के जादा. घरून आणलेल्या केबलींत निम्म्या नुसत्या चार्जिंगच्या निघतात. बोर्डाचा दिवा लागतो, पण लॅपटॉपला पोर्ट दिसत नाही आणि मुलं कोड तपासत बसतात.

खरेदी बुधवार पेठेत, पासोड्या विठोबा आणि तपकीर गल्लीच्या आसपास, एका फेरीत होते. पण आठवडाभर आधी. रविवारी सकाळी एखादं दुकान उघडं सापडेल या भरवशावर राहू नका.

मोटर चालवायला चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी घेऊ नका. व्होल्टेज दिसतं, पण करंट देण्याची तिची ताकद नसते. मोटर घुं करून थांबते. त्यापेक्षा पेन्सिल सेलचा चारचा खोका, ६ व्होल्ट. मात्र मध्ये एल२९८एन हा मोटर चालवणारा ड्रायव्हर बोर्ड असेल तर तो स्वतःच २ व्होल्टच्या आसपास खातो, हे धरून चला. सुटे लिथियम सेल मुलांच्या टेबलावर अजिबात नकोत.

वायरिंगच्या टेबलावर बसणारा

'बोर्ड गेला' म्हणून मुलं येतात तेव्हा बहुतेक वेळा बोर्ड ठणठणीत असतो. तपासायचा क्रम असा ठेवा. सगळ्या वायरी काढा. माहीत असलेली चांगली केबल लावा. ब्लिंक, म्हणजे बोर्डावरचा दिवा लुकलुकवणारा नमुना कोड, चढवा. चढलं तर बोर्ड शाबूत. नाही चढलं तर पोर्ट आणि बोर्डाचं नाव बघा. स्वस्त बोर्डांवर सीएच३४० चिप असते, तिचा ड्रायव्हर लॅपटॉपवर नसेल तर पोर्टच उमटत नाही. आर्डुइनो नॅनो असेल तर 'ओल्ड बूटलोडर' निवडून बघा.

पिन ० आणि १ हा कायमचा सापळा आहे. कोड याच दोन पिनांतून बोर्डात जातो. मुलांनी तिथे ब्लूटूथ मॉड्यूल किंवा बटण जोडलं असेल तर 'नॉट इन सिंक' असं लाल अक्षरांत येतं. वायर उपटायची, कोड चढवायचा, वायर परत लावायची.

ब्रेडबोर्ड हातात घेऊन नीट बघा. बऱ्याच मोठ्या बोर्डांवर कडेची तांबडी रेघ मधोमध तुटलेली असते. जिथे रेघ तुटली तिथे आतली पट्टीही तुटली. डाव्या अर्ध्यात ५ व्होल्ट आलेत आणि एलईडी उजव्या अर्ध्यात बसवलाय, मग पोरगं तासभर रेझिस्टर बदलत राहतं. सकाळीच प्रत्येक बोर्डावर दोन छोट्या वायरींनी हे पूल बांधून द्या, दुपारची निम्मी गर्दी कमी होते.

सर्व्हो हलला की बोर्ड रिसेट होतो? यूएसबीतून त्याला करंट पुरत नाही. सर्व्होला सेलच्या खोक्यातून वीज द्या, पण खोक्याचा ऋण आणि बोर्डाचा ग्राउंड एकमेकांना जोडा. ही शेवटची वायर नेमकी विसरतात आणि सर्व्हो अंगात आल्यासारखा थरथरतो.

पाण्याच्या टाकीबद्दल दोन शब्द

गच्चीवरची टाकी ओसंडते हा विषय दरवर्षी निम्मे गट घेतात. घेऊ द्या, चांगला आहे. फक्त एचसी-एसआर०४ झाकणाखाली लावायचा मोह होतो. तो २ सेंटिमीटरच्या आतलं ओळखत नाही, दमट हवेत त्यावर पाणी धरतं, आणि अरुंद पिंपात त्याची ध्वनिलहर भिंतीवर आपटून परत येते. जलरोधक जेएसएन-एसआर०४टी घेतलात तर त्याची जवळची मर्यादा वीसेक सेंटिमीटर, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या बादलीत तो निरुपयोगी.

त्यापेक्षा बीसी५४७ ट्रान्झिस्टर, बेस, कलेक्टर आणि एमिटर असे तीन पाय असलेला. तळाशी एक वायर धन टोकाची, हव्या त्या उंचीवर दुसरी, ती १ किलोओहममधून बेसला. कलेक्टरवर एलईडी आणि त्याचा रेझिस्टर, एमिटर ग्राउंडला. पाणी दोन्ही वायरींना टेकलं की दिवा लागतो. कोड शून्य. तांब्याची टोकं काही दिवसांत हिरवी-काळी पडतात, कारण एकाच दिशेचा करंट पाण्यातून वाहतो. स्टीलचे स्क्रू वापरा आणि हे 'का' मुलांनाच शोधायला सांगा. परीक्षकांपुढे तेवढं सांगितलं तरी बाजी मारतात.

वीज आणि वायफाय

२० लॅपटॉप धरा, गटांचे १५ आणि मार्गदर्शकांचे ५. प्रत्येकी ६५ वॉट म्हणजे १३०० वॉट. ६ अँपियरच्या सॉकेटची मर्यादा २३० व्होल्टला १३८० वॉट. एकाच सॉकेटवरून एक्स्टेंशनला एक्स्टेंशन लावत गेलात आणि प्रोजेक्टरही त्याच माळेत घातलात की एमसीबी पडणारच. हॉलच्या वेगवेगळ्या भिंतींवरून निदान तीन लाइनी घ्या, आणि एमसीबीची पेटी कुठे आहे व तिच्या खोलीची किल्ली कुठल्या शिपाईकाकांकडे आहे ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. रविवारी काका गावाला असतात.

वायफायवर विसंबू नका. आर्डुइनोचं सॉफ्टवेअर, लायब्ररी, सीएच३४०चा ड्रायव्हर, स्क्रॅच या ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायच्या भाषेची डेस्कटॉप आवृत्ती, पायथनसाठीचं थॉनी, सगळं चार पेनड्राइव्हवर. ईएसपी३२ हा वायफायवाला बोर्ड वापरणार असाल तर त्याचं बोर्ड पॅकेज आधीच चढवून आणायला सांगा. ते अवजड आहे, पंधरा जण एकदम उतरवायला बसले की सगळ्यांचंच अडकतं. ईएसपी३२ला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं, आणि लॉगिनचं पान येणाऱ्या शाळेच्या नेटवर्कवर तो जातच नाही. फोनचा हॉटस्पॉट द्या. आयफोन असेल तर 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' चालू करून. वायफाय चालू केल्यावर ईएसपी३२च्या एडीसी२ (सेन्सरचा कमी-जास्त होणारा आकडा वाचणाऱ्या दोन गटांपैकी दुसरा) गटातल्या पिनांवर अॅनालॉग वाचन होत नाही, म्हणून सेन्सर ३२ ते ३९ या क्रमांकांत लावायचे.

खानपान

पोहे: कोरडे ५ किलो, साठ जणांना. पाणी माणशी २ लिटर, म्हणजे २० लिटरचे ६ जार. दुपारी पुरी-श्रीखंड ठेवलंत तर दोन वाजता हॉल झोपतो; पुलाव-ताक ठेवा. खाणं टेबलावर नाहीच. तेलकट हात आणि जंपर वायर यांचं जमत नाही.

परीक्षक म्हणून

तीन मिनिटं दाखवणं, दोन मिनिटं प्रश्न, एक मिनिट पुढच्या टेबलापर्यंत. १५ गट गुणिले ६ म्हणजे दीड तास. मुलांना मंचावर बोलावू नका. तिथवर नेताना एक तरी वायर सुटते. परीक्षकांनीच टेबलाटेबलाशी जावं.

गुण असे: चालतंय का ४०, नेमकी अडचण समजली आहे का २५, कसं चालतं हे तिघांपैकी कोणीही सांगू शकतं का २५, मांडणी १०. चॅटजीपीटीला बंदी घालून उपयोग नाही, फोन बाथरूममध्येही उघडतो. त्याऐवजी समोर एक बदल करायला सांगा: "३० सेंटिमीटरऐवजी १५ला बझर वाजव." स्वतः समजून केलेल्याला दहा सेकंद लागतात.

वरच्याला थोडा विरोध

चालण्याला ४० फार झाले. ज्या मुलांनी आर्डुइनो पहिल्यांदाच पाहिलाय ती यात मागे पडतात, आणि ती बहुधा ज्यांच्या शाळेत लॅब नाही अशीच असतात. तीन गट तरी वायरिंग नसलेल्या विषयांचे ठेवा. नळस्टॉपच्या चौकात शनिवारी १५-१५ मिनिटं वाहनं मोजून आणायची, रविवारी तक्ता, आलेख आणि एक सूचना. त्याला फक्त स्प्रेडशीट लागते.

पालकांच्या कागदांचं

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे. नोंदणीच्या फॉर्मवरच पालकांची सही घ्या. फोटो छापायला हरकत आहे की नाही याचा वेगळा रकाना, आणि न्यायला कोण येणार त्याचा वेगळा. फोटोला नकार असलेल्या मुलांच्या बिल्ल्याला वेगळ्या रंगाची दोरी लावा, म्हणजे फोटोवाल्याला यादी शोधावी लागत नाही.

मार्गदर्शकांसाठी

इंजिनिअरिंगची मुलं उत्साहानं येतात आणि दहा मिनिटांत कीबोर्ड स्वतःकडे ओढतात. नियम एकच: हात पाठीमागे. तीन गटांमागे एक जण, म्हणजे पाच पुरेत.

सामानाची बाजू, पुन्हा

आवरायचं राहिलं. निकाल लागायच्या आधी, परीक्षण चालू असतानाच, तपासून झालेल्या गटांकडून डबे परत घ्या. बक्षिसं दिल्यावर कोणी थांबत नाही. झाकणाच्या आतून यादी चिकटवलेली असावी. हरवतात ते सर्व्होचे बारीक स्क्रू. ते आधीच काढून वेगळ्या डबीत ठेवलेले बरे. आणि बोर्ड आत ठेवण्यापूर्वी प्रत्येकावर ब्लिंक चढवा. पुढच्या वेळी केबल लावली आणि १३ नंबरचा दिवा लुकलुकला की तो बोर्ड ठीक आहे. केबल मात्र तेवढ्यानं कळत नाही, ती नुसत्या चार्जिंगची असली तरी दिवा लुकलुकतो.