क्ले दिसते, पण कोणती?
सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रांत क्ले (चिकणमातीची खनिजं) दिसतेच, मग हायपरस्पेक्ट्रल, म्हणजे शेकडो अरुंद बँडचा सेन्सर कशाला, असं काही जण विचारतात. हा मुद्दा अर्धाच बरोबर आहे. क्ले आहे एवढं कळतं, कोणती ते नाही. सेंटिनेल-२ चा १२ वा बँड (तो मोजतो तो तरंगलांबीचा पट्टा) २१९० नॅनोमीटरच्या आसपास, रुंदी १८० च्या घरात. केओलिनाइट या क्लेची २१६५ आणि २२०५ ची जोडखाच (खाच म्हणजे त्या तरंगलांबीचा प्रकाश शोषला गेल्याने परावर्तनात पडलेला खड्डा), अ‍ॅल्युनाइट या सल्फेट खनिजाची २१७० जवळची रुंद खाच, दोन्ही त्यात गडप! अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात क्युप्राइट नावाच्या ठिकाणी ही दोन्ही खनिजं शेजारी-शेजारी आहेत. एमिट (EMIT) या नासाच्या अंतराळ स्थानकावरच्या हायपरस्पेक्ट्रल सेन्सरचे बँड साधारण ७.४ नॅनोमीटर अंतरावर, त्यामुळे तिथे ती वेगळी होतात. पण पिक्सेल ६० मीटरचा. खनिजांच्या बारीक शिरांसाठी विमानावरचा सेन्सरच हवा.

एक पथ्य: कंटिन्युअम (खाचेच्या दोन खांद्यांना जोडणारी पार्श्वरेषा) काढून टाकण्याआधी वाळलेल्या गवताचे पिक्सेल गाळा. सेल्युलोज २१०० लाच खड्डा पाडतो, डावा खांदा खाली बसतो आणि खाच उगाच उथळ दिसते.